क्रांतिदिनाला पत्री आठवते, मग गांधी लग्न का आठवत नाही?

प्रति,
सातारा व सांगली जिल्ह्यांतील सर्व सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामसभेला बसणारे ग्रामस्थ यांस,

सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट जवळ आला की आपल्या गावांत हुतात्मा स्मारकाभोवतीचं गवत निघतं, पायऱ्या धुतल्या जातात, शाळेतली मुलं ओळीनं उभी राहतात. मी वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात राहते. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं त्या ओळीच्या कडेला मीच उभी असायचे. भाषणं ऐकून ऐकून पाठ झाली आहेत. तासगावच्या मामलेदार कचेरीवर ३ सप्टेंबर १९४२ला तिरंगा चढला. ९ तारखेला वडूजला गोळीबार झाला आणि परशुराम घार्गे आणि त्यांचे साथी पडले. १० तारखेला इस्लामपूरला उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे गेले. २४ जुलै १९४३ला वसंतदादा सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून निसटले. त्याच्या आधी ७ जूनला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांना डावलून आपल्या लोकांनी चालवलेल्या सरकारच्या, तुफान सेनेनं पगाराची रेल्वेगाडी अडवली होती. आणि मग पत्री! गावगुंडाच्या तळपायावर काठीचे फटके कसे बसायचे, हे सांगताना वक्त्याचा आवाज चढतो, मुलं टाळ्या वाजवतात.

यातलं सगळं खरं आहे आणि सांगितलंच पाहिजे. या माणसांच्या रक्ताची किंमत मला कोणी समजावून द्यायला नको. पण इतक्या वर्षांत एकाही भाषणात मी गांधी लग्नाचा शब्द ऐकला नाही. न्यायदान मंडळाचं, म्हणजे प्रतिसरकारच्या गावपंचांच्या न्यायालयाचं, नाव आलं तर एका वाक्यात येतं आणि पुढं निघून जातं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती तुमच्यापर्यंत पोचवायला हे पत्र लिहिते आहे.

माझ्या आईचं लग्न १९४५च्या उन्हाळ्यात लागलं. गांधी लग्न. चावडीपुढच्या लिंबाखाली, एकाच वेळी चार जोडपी. बँड नव्हता, हुंड्याचा शब्द निघाला नव्हता, भटजीही नव्हते. नवरा-नवरीनं एकमेकांच्या गळ्यात सुताचे हार घातले, गावासमोर शपथ घेतली, भूमिगतांपैकी एकजण दोन शब्द बोलला आणि अंधारात नाहीसा झाला. जमलेल्यांना गूळ-खोबरं वाटलं. वऱ्हाड आपापल्या घरी जाऊन जेवलं. माझे आजोबा दुसऱ्या दिवशी पहाटे मोटेवर हजर. म्हातारपणीही ते सांगायचे, “पोरगी नांदाय गेली आन् बैलं दावणीलाच ऱ्हायली.”

या वाक्यातलं सुख कळायला माझ्या थोरल्या मावशीचं लग्न माहीत पाहिजे. ते १९३८चं. चार दिवसांचा मांडव, तीन गावांना जेवण. त्यासाठी नदीकडचा मळा सावकाराकडं गहाण पडला आणि आजोबा स्वतःच्याच मळ्यात वाटेकरी म्हणून राबू लागले. तो मळा सोडवून दिला न्यायदान मंडळानं. पंच बसले, सावकाराला बोलावलं, व्याजात किती गेलं याचा हिशेब सगळ्यांसमोर मांडला आणि मळा परत केला. वकील नाही, कोर्टाची फी नाही, तारीख नाही. थोरलीनंतर सात वर्षांनी धाकटीचं लग्न गूळ-खोबऱ्यावर झालं, म्हणून तो मळा पुन्हा गेला नाही. माझं शिक्षण त्या मळ्यावर झालं. मी मास्तरीण झाले ती त्या मळ्यामुळं.

म्हणून म्हणते की गांधी लग्न ही प्रतिसरकारची हौस नव्हती. लग्नाचा खर्च, खर्चासाठी कर्ज, कर्जापायी सावकार, आणि सावकाराच्या मागं उभं असलेलं इंग्रजी कोर्ट, अशी ती साखळी होती. गोऱ्या साहेबाचं राज्य कुणब्याच्या घरात शिरायचं ते या वाटेनं. क्रांतिसिंह नाना पाटलांना ही वाट तोंडपाठ होती, कारण १९३०मध्ये चळवळीत उडी घेण्याआधी ते तलाठी होते. सातबारा कसा फिरतो हे त्यांनी कागदावर पाहिलेलं. नानांची भाषणं ज्यांनी ऐकली ती माणसं आता फारशी उरली नाहीत. पण आमच्या लहानपणी पारावरचे म्हातारे सांगायचे की नाना इंग्रजांवर जेवढे तुटून पडत, तेवढेच दारूवर, कर्ज काढून केलेल्या लग्नांवर आणि अंगात येणाऱ्या देवांवर पडत. एकाच सभेत, एकाच दमात.

हे आलं कुठून? सत्यशोधक समाजातून. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, सावित्रीबाईंचं माहेर खंडाळ्याजवळचं नायगाव. पुण्यात २४ सप्टेंबर १८७३ला समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. तो विचार जलशांच्या ढोलकीवर बसून आपल्या मुलखात आला आणि मुरला. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच वळणाचे. १९१९ला कऱ्हाडजवळच्या काल्यात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ला साताऱ्यात वसतिगृह उघडलं, आणि सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवायला बसवली. त्या पोरांची चूल पेटती ठेवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९२७ला गांधीजी साताऱ्याला आले तेव्हा त्यांनी हे वसतिगृह पाहिलं. आपल्या शाळा-कॉलेजांच्या भिंतींवर भाऊराव अण्णांचा फोटो असतो, शेजारी लक्ष्मीबाईंचा किती ठिकाणी आहे, हे जरा तुमच्या गावच्या हायस्कुलात जाऊन बघा.

१९४२ची लाट इतर ठिकाणी काही महिन्यांत ओसरली. साताऱ्यात मात्र १९४३ला प्रतिसरकार उभं राहिलं आणि १९४६पर्यंत दीडशेच्या वर गावांत चाललं. हे कसं जमलं? डोंगरदऱ्या होत्या म्हणून, असं उत्तर सोपं आहे, पण डोंगर काही साताऱ्यातच नाहीत. माझं मत असं की सत्तर वर्षं या गावांनी भटजी, सावकार आणि पाटील यांच्यापुढं मान ताठ ठेवायची सवय केली होती. म्हणून कलेक्टरपुढं मान वाकवायची वेळ आली तेव्हा ती वाकली नाही. सुधारणेनं आधी मशागत केली होती. स्वातंत्र्याचं बी त्या रानात पडलं म्हणून उगवलं.

इथं मला कृष्णेच्या काठावरच्या दुसऱ्या एका गावाची आठवण होते. टेंभू. आज टेंभू म्हटलं की उपसा योजनेचे पंप डोळ्यांपुढं येतात. आमच्या आटपाडी-खानापूरच्या नातेवाइकांच्या डाळिंबाला त्या पाण्यानं जीव दिला, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण १४ जुलै १८५६ला त्याच टेंभूत गोपाळ गणेश आगरकर जन्मले. टिळक आणि आगरकर एकाच ध्येयानं निघालेले मित्र. १८८२ला कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस बरोबर काढले. आगरकर ‘केसरी’चे पहिले संपादक होते. आणि त्या दोघांची फारकत झाली ती एका प्रश्नावर, आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी समाजसुधारणा? १८८८ला आगरकरांनी ‘सुधारक’ काढला. त्यापायी त्यांना जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. १८९१ला संमतिवयाचा कायदा झाला, मुलीचं संमतिवय दहावरून बारावर गेलं, तेवढ्यावरून महाराष्ट्र पेटला. १८९५च्या जूनमध्ये आगरकर गेले, अवघे अडतीस वर्षांचे. त्याच डिसेंबरात पुण्याला काँग्रेस भरली, तेव्हा सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मांडवात जागा मिळू नये म्हणून एवढं रान उठलं की रानड्यांना ती दुसरीकडं भरवावी लागली.

मी आगरकरांच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. दहा वर्षांच्या पोरीला संसाराला लावणाऱ्या रूढीला ‘आपली’ म्हणून जपायचं, हे मला कधीच पटलं नाही. तरीही टिळकांच्या म्हणण्यात एक गोष्ट होती जी झटकून टाकता येत नाही. ते म्हणत, आमच्या घरातल्या गोष्टींत परक्या सरकारनं कायदा करू नये, सुधारणा व्हायची तर ती आपल्या माणसांतून व्हावी. मग ती करणार कोण आणि कधी, याचं उत्तर पुण्यातल्या त्या वादात सापडलं नाही. वाद चालू राहिला आणि मुली सासरी जात राहिल्या.

उत्तर मिळालं पन्नास वर्षांनी, टेंभूपासून खाली कृष्णेच्याच काठानं, कुंडल-वाळव्याच्या टापूत. फारसं न शिकलेल्या कुणब्यांनी आधी स्वतःचं सरकार केलं आणि त्या सरकारचा कायदा आपल्याच घरांना लावला. हुंडा नको. दारू नको. बायकोला टाकून दिलेल्या नवऱ्याला पंचांपुढं उभं करा. ‘आधी हे की आधी ते’ हा प्रश्न त्यांना पडलाच नसावा. दिवसा पोलिसांना चुकवायचं आणि रात्री लग्न लावायचं, असा त्यांचा दिनक्रम होता. जी. डी. बापू लाडांचं, म्हणजे तुफान सेनेच्या प्रमुखाचं, स्वतःचं लग्न ते भूमिगत असतानाच गांधी पद्धतीनं लागलं. डोक्यावर पकड वॉरंट आणि गळ्यात सुताचा हार! परदेशी सरकारनं लादलेला कायदा आणि आपल्या सरकारनं घालून घेतलेला नियम यांतला जो फरक टिळक सांगत होते, तो आपल्या आजोबा-पणजोबांनी करून दाखवला. आणि सुधारणा कोणत्या करायच्या, ते त्यांनी आगरकर-फुल्यांकडून घेतलं. मला तर वाटतं, महाराष्ट्रातला तो जुना तंटा न्यायदान मंडळाच्या पारावरच मिटला. कोणी त्याची नोंद ठेवली नाही, एवढंच.

आणि यात औंध संस्थान विसरू नका. कुंडल औंधात होतं, म्हणून इंग्रजी हद्दीतले पोलिस तिथं मनाला येईल तसे घुसू शकत नव्हते. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी देशस्थ ब्राह्मण. त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ला आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली, ७२ गावांत पंचायती आणल्या, आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची भिंतींविना तुरुंगाची वसाहत उभी राहिली. भटशाहीवर तुटून पडणाऱ्या सत्यशोधकांच्या लेकरांना ब्राह्मण राजाच्या हद्दीत आसरा मिळाला, ही आपल्या मातीतली गोष्ट मुलांना सांगण्यासारखी नाही का?

सांगायचं तर कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींचा खून झाला आणि पुढच्या काही दिवसांत याच सातारा-सांगलीच्या गावांत ब्राह्मणांची घरं पेटली. ज्या गावांत गांधीजींच्या नावानं लग्नं लागली, तिथं गांधीजींच्या नावानं शेजाऱ्याचा वाडा जाळला गेला. भटशाहीशी भांडण असणं वेगळं आणि भटाच्या घराला काडी लावणं वेगळं, हा भेद त्या चार दिवसांत बुडाला. माझ्या आईची मैत्रीण त्यात कायमची गाव सोडून गेली. तिचं नाव आई शेवटपर्यंत घ्यायची. क्रांतिदिनाच्या भाषणात हे कोणी बोलणार नाही, मला माहीत आहे. पण प्रतिसरकारनं शिकवलेलं किती टिकलं आणि किती वाहून गेलं, याचा हिशेब तिथूनच सुरू होतो. आणखी एक उणीव होती. बायांनी भाकऱ्या पुरवल्या, निरोप पोचवले, पिस्तुलं सरपणाच्या मोळीतून नेली, पण पंच म्हणून पारावर बसल्या त्या फार थोड्या. नानांच्या लेकीनं, हौसाताईंनी, १९४३ला भवानीनगरच्या पोलिस ठाण्यापुढं मार खाण्याचं सोंग केलं. सोबत्यानं ‘नवरा’ बनून त्यांना खरोखर बडवलं, पोलिस सोडवायला धावले आणि तेवढ्यात बाकीच्यांनी बंदुका पळवल्या. सतरा वर्षांची पोर! कासेगावच्या इंदुताई पाटणकर त्याच वयाच्या आसपास घर सोडून चळवळीत आल्या. ही नावं तुमच्या स्मारकाच्या फलकावर आहेत का?

आता आजचं. गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न झालं. कार्यालय, डीजे, ड्रोन, लग्नाआधीचं शूटिंग, हजार पान. मुहूर्त साडेबाराचा होता. एक पुढारी आशीर्वाद द्यायला यायचे होते, म्हणून अक्षता सव्वादोनला पडल्या, आणि तोवर तान्ही पोरं घेऊन आलेल्या बाया उन्हाच्या झळा सोसत बसल्या. हुंडा घेतला नाही असं दोन्हीकडून सांगण्यात आलं. ‘मुलीच्या हौसेनं’ सोनं दिलं, गाडी दिली. या सगळ्यासाठी भावानं रस्त्याकडचं वीस गुंठे रान विकलं. मांडवात बसल्या बसल्या मला थोरल्या मावशीचा मळा दिसत होता. १९३८ आणि आज यांत फरक काय पडला? तेव्हा मळा गहाण पडला होता, न्यायदान मंडळाला तो परत आणता आला. विकलेलं रान कोण परत आणणार?

हुंडाबंदीचा कायदा १९६१चा आहे. आपल्याच संसदेनं केलेला, परक्या सरकारचा नाही. तरी तो आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाही. कारण ‘दिलं ते प्रेमानं दिलं’ असं लिहून घेणारे आणि देणारे आपणच, आणि पंगतीला जेवणारेही आपणच. माझ्या शाळेतून सातवी पास झालेल्या किती हुशार मुलींची लग्नं मी पाहिली, ज्यांच्या बापानं लग्नासाठी साठवलेल्या पैशात त्यांची नर्सिंगची किंवा इंजिनिअरिंगची फी सहज भागली असती! त्या मुलींना मी अजून बाजारात भेटते. त्या हसून ‘बाई, बरं आहे’ म्हणतात.

तुमच्याकडं मागणं मोठं नाही. तुमच्या हातात ग्रामसभा आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ला ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा आमच्या गावात बंद. तो ठराव पाहून राज्य सरकारला परिपत्रक काढावं लागलं. एका खेड्यानं ठरवलं आणि मंत्रालयाला मागून यावं लागलं. हेरवाडला जमतं, मग ज्या गावांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून स्वतःचं सरकार चालवलं, त्या गावांना का जमू नये? तुम्ही १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत लग्नाचा विषय घ्या. दोन्ही बाजू मिळून किती माणसं, एकच जेवण, सत्कार-भाषणं बंद, अक्षता वेळेवर, देण्याघेण्याची यादी वाचणं बंद. आकडा गावानं ठरवावा, मी सांगणार नाही. सक्ती करू नका. पण जे घर असं लग्न लावेल, त्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत करा आणि गावानं त्या लग्नाला उभं राहा. माणूस कर्ज काढतो ते ‘लोक काय म्हणतील’ या भीतीनं. गाव पाठीशी उभं राहिलं की ती भीती निम्मी होते. १९४५ला माझे आजोबा काही फार धीट होते असं नाही. शेजारची तीन घरं त्याच लिंबाखाली उभी होती, म्हणून त्यांना धीर आला.

दुसरं मागणं घाईचं आहे. आपल्या गावांत नव्वदीच्या पुढच्या ज्या आज्या उरल्या आहेत, त्यांच्याकडं या महिन्यातच कोणीतरी जा. सातवी-आठवीच्या मुलींना पाठवा, मोबाइलवर आवाज घेऊ द्या. गांधी लग्नं कोणाकोणाची लागली, रात्री भाकऱ्या कोणी थापल्या, न्यायदान मंडळापुढं कोणाचं भांडण मिटलं, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. १९४९ला जिल्हा तुटून दक्षिण सातारा झाला, पुढं त्याचं नाव सांगली पडलं, दप्तरं इकडची तिकडं झाली. न्यायदान मंडळाचा निवाडा बहुतेक वेळा तोंडीच असायचा. त्या बायांच्या आठवणीखेरीज दुसरं दप्तर आपल्याकडं नाही. माझ्या आईचं मी वेळेवर लिहून घेतलं नाही. ती गेल्यावर ट्रंकेत सुताचा हार सापडला, पिवळा पडलेला. त्या दिवशी शपथ कोणती घेतली होती, ते विचारायचं राहूनच गेलं.

आमच्या ग्रामपंचायतीत मी अर्ज दिला आहे. ग्रामसेवकांनी पोच दिली आणि विषयपत्रिकेवर घेतो म्हणाले. सरपंचताईंनी कपाळाला हात लावला, “बाई, आमच्याच घरात मार्गशीर्षात कार्य आहे.” मी म्हटलं, मग तुमच्याच घरापासून बोलू. त्या गप्प राहिल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. ग्रामसभेला मी तो हार घेऊन जाणार आहे. तुमच्या गावातही एखाद्या ट्रंकेत असाच हार असेल. त्या दिवशी तो बाहेर काढा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका वाळवा, जिल्हा सांगली